तारेवरच्या चपला

बाबा, आज दुपारी तुमच्या चपला तारेवरून खाली काढल्या. काल शेजाऱ्यांकडून आईचा फोन आला, "तार बदलायला माणसं येतात गो. तू ये, माझ्याच्यानं एकटीला बघवायचं नाय." म्हणून सकाळच्या एसटीने रोह्याहून निघाले. मी आता रोह्याजवळ वरशाला असते. घरात सून आहे, नातू आहे, सगळ्यांवर आवाज माझाच चालतो. पण पेण सोडून गाडी हमरापूरच्या पुढे खाडीकडे वळली की माझा आवाज बसतो. लांबून आधी तार दिसते, मग चपला, मग आपलं घर.

तुमच्या वायरमन गँगची रीत मला अजून पाठ आहे. दुरुस्तीला निघालं की डीपीचा स्विच पाडून लाईन बंद करायची, चपला त्या पेटीखाली काढायच्या आणि बांधावरून अनवाणी खांबाकडे जायचं. पेटीखाली चपला म्हणजे माणूस वर. मग कुणी साहेब आला तरी स्विचला हात लावायचा नाही. चपला नसल्या तरी आधी हाक मारायची, "खाली हाय का?" आणि "हाय" असं ऐकू आल्यावरच स्विच टाकायचा. एकदा शाळेतून येताना मी पेटीखालच्या त्या टायरच्या सोलाच्या चपला पायांत घालून फटक-फटक करत मिरवत होते, तर तुम्ही खांबावरून उतरून घामाने ओल्या अंगानेच धावत आलात आणि भर रस्त्यात माझा कान पिळलात. "चपला नाय त्या, माझा जीव हाय तो!" एवढं रागावलेलं तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मात्र गुपचूप माझ्या हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवल्यात. मी रुसून त्या घेतल्या नाहीत, मग तुम्हीच एक तोंडात टाकलीत आणि मला चिडवत बसलात.

पुढे त्या उधाणाला बांध फुटला आणि पाणी डीपीपर्यंत चढलं. तुम्ही मिठागराच्या पलीकडे, खांबावर. तुमचे जोडीदार काका पेटीपाशी आले, तर खाली नुसतं पाणी. त्यांना वाटलं, गडी केव्हाच घरी गेला. भरतीच्या त्या आवाजात हाक मारायची कुणाला? त्यांनी स्विच टाकला. मेलं ते पाणी, माणूस नेला असता तर समजले असते, त्याने चपला नेल्या! पाणी ओसरल्यावर त्या खाडीकाठच्या तिवरांत अडकलेल्या सापडल्या. काकांनी त्यांचे पट्टे एकमेकांना बांधले आणि आपल्या घरापुढच्या तारेवर फेकल्या. "आता पाणी पोचायचं नाय," म्हणाले. त्या तारेत त्यांनी पुन्हा कधी करंट सोडला नाही, गावाला दुसरीकडून लाईन दिली. बायका आईचं कुंकू पुसायला आल्या, तर ती ओट्यावर उभी राहिली. "चपला वर हायत तवर माणूस वर हाय. कपाळाला हात लावून तर बघा." तुम्हाला जाळून आलेली माणसं अंगणात उभी होती, ती एकेक करून फाटकाबाहेर पडली.

आईने घरात लाईट घेतली नाही ती नाहीच. वायरमनचं घर आणि दिवा रॉकेलचा! मी किती भांडले तिच्याशी. खुळी म्हटलं, नको ते बोलले. हमरापूरला गणपतीच्या मूर्ती न्यायला आलेली गिऱ्हाईकं वाट चुकून इकडे आली की वर बघून विचारायची, "हे काय, नजर लागू नये म्हणून?" आई म्हणायची, "व्हय." माझा नातू म्हणतो, बाहेरच्या देशात गुंड लोक असे बूट तारेवर टाकतात. टाकत असतील. एक मात्र मी कधी घरी कुणाला बोलले नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात त्या चपला गप्प असायच्या, आणि पान हलत नसेल अशा दुपारी हलायच्या. दोन्ही मिळून नव्हे, एक पुढे, मग दुसरी. चालल्यासारख्या.

आता आईचा दमा हाताबाहेर गेलाय. पेणच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलंय, ते काही रॉकेलवर चालत नाही. म्हणून ती तार बदलायला कबूल झाली. सकाळपासून तिला दोन शब्द धड बोलता येत नव्हते, नुसती धाप. वायरमन पोरगा वर चढला, चपला घेऊन उतरला आणि म्हणाला, "मावशी, या ओल्या कशा?" ऐन वैशाख, बाबा. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही. आणि सोलाला खाडीचा काळा चिखल, ताजा. त्याने चपला माझ्या हातात कोंबल्या आणि पँटला हात पुसत गेला. आईला दाखवल्या, तर तिने खुणेनेच सांगितलं, उंबऱ्यापाशी ठेव, तोंड आत करून. घरी आलेल्या माणसाच्या असतात तशा.

नवी लाईन चालू झाली. "घरातला मेन तेवढा तुम्ही टाका," असं पोरगं फाटकातूनच ओरडलं. घरातला मेन टाकून खांबावरच्या माणसाला काही होत नाही, एवढं तुमच्या लेकीला कळतं. तरी हात उचलेना. आत आईच्या छातीचा भाता चाललेला, मशीन उशाशी, आणि मी, तिला खुळी म्हणणारी, खटक्यासमोर थिजलेली. भीती एकच. तुम्ही अजून वर असलात तर? शेवटी न राहवून हाक मारली, "बाबा, खाली हाय का?"

"हाय," उत्तर आलं.

मी मेन टाकला. मशीन घुरघुरलं, आईचा श्वास हळूहळू खाली बसला, आता ती झोपलीय. बल्बच्या उजेडात तुमच्या घरात बसून हे पत्र लिहिते आहे. कुठल्या पेटीत टाकणार? घडी घालून चपलांखाली ठेवीन. आवाज आईचाच असणार, दुसरं कोण आहे घरात? ती उठली की चहा देईन. पण ते "हाय" कुणी म्हटलं, हे काही मी तिला विचारणार नाही, बाबा.