चित्रातल्या दिव्याची निरवानिरव

मी, देवाजी फकिरा गजभिये, वय वर्षे चौपन्न, धंदा वायरमन, मूळ राहणार तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम रिसाली, जिल्हा दुर्ग, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहितो. दारू मी धम्मदीक्षेच्या दिवशीच सोडली, तेव्हा शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, लहान आहे. पण वायर बारीक असली तरी शॉक बसायचा तो बसतोच, म्हणून निरवानिरव करून ठेवतो.

१. रिसालीचे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी पंचफुला हिची. तिच्यामागे मुलगा देवीदास याची. तिने सगळी शिल्लक पितळी भांड्यांवर उडवली तरी त्याने तोंड उघडू नये.

२. टेस्टर, पेचकस, शिडी आणि रबरी हातमोजे देवीदासला. पक्कडही त्याचीच, पण ती शेजारी जानराव रामटेके याच्याकडे आहे. 'उद्या देतो' म्हणून त्याने ती नेली तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टीसुद्धा पेटली नव्हती. देवीदासने ती वसूल करावी.

३. आता चित्र. पुढच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक जपानी चित्र आहे, लाकडी ठशांनी छापलेले. संध्याकाळची वेळ, कालव्याकाठी निळी-काळी घरे, त्यातल्या एकाच घराची खिडकी उजळलेली आणि तिचा उजेड पाण्यात उतरलेला.

खनिज बघायला जपानी पाहुणे आले होते. त्यांतल्या ओकाबे साहेबांच्या खोलीचा फ्यूज उडाला, म्हणून मला गेस्ट हाउसवर धाडले. मी घाईने शिडी लावली, तर साहेब दुभाष्याकरवी म्हणाले, सावकाश होऊ द्या, तोवर एक गंमत बघा. त्यांनी पेटीतून हे चित्र काढून दारापाशी धरले. बाहेरचा उजेड जात होता. चित्रातला निळा गेला, काळा गेला, घरे गेली, खिडकी तेवढी राहिली. मी विचारले, हा रंग कोणता? साहेब हसले. म्हणाले, रंग नाही, तिथे कागद कोरा ठेवला आहे. आमचे जुने चित्रकार दिवा काढत, पण रात्रीची माणसेही दिवसासारखीच रंगवत. आताचे चित्रकार उजेडाच्या मागे लागले आहेत, आणि उजेड दाखवायचा तर भोवतीचा अंधार मन लावून काढावा लागतो.

मी साऱ्या सेक्टरला खांब रोवून दिवे लावले, पण हे मला कोणी सांगितले नव्हते. मी इतका खुळावलो की फ्यूज बसवायचाच राहिला. साहेबांनी चित्र मला दिले आणि सुपरवायझरने मेमो दिला. मेमो मी चुलीत घातला.

शेजारच्या भागाबाईला ते घर विहार वाटले. मी सांगितले, बाई, ती खानावळ आहे. ती म्हणाली, असू द्या, बुद्धाच्या माणसांची खानावळ आहे, आणि फूल ठेवून गेली.

४. हे चित्र बल्बखाली बघू नये. बल्ब लागला की त्याचे कॅलेंडर होते. दिवेलागणीला आधी चित्रातला दिवा लागू द्यावा, मग घरातला लावावा, असा माझा नियम आहे. पण त्याच वेळी मी ड्यूटीवर रस्त्याचे दिवे लावत असतो, त्यामुळे नियम फक्त माझ्या सुटीच्या दिवशी चालतो. देवीदास तर त्याच भिंतीवर ट्यूबलाइट ठोकणार आहे. पाहुण्यांसमोर त्याने मला विचारले, "बाबा, साऱ्या भिलाईले तुमी उजेड देल्ला, अन् आपल्याच घरी अंधार कावून?" पंचफुला त्याच्याच बाजूची. अंधारात तिला तांदळातले खडे दिसत नाहीत. चित्राला ती 'तुमचं जपान' म्हणते. माझ्यामागे माझे जपान अडगळीत जाईल, या विचाराने मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती वाटते.

५. सबब हे चित्र जानराव रामटेके यास द्यावे. आमचे पटत नाही. तो चित्राला कोरा कागद म्हणतो, आणि पक्कडीचे वर आलेच आहे. परंतु बिल वाचवायला तो घरात पंधरा वॅटचा एकच बल्ब ठेवतो, आणि तोही ताट वाढल्याशिवाय लावत नाही. भिलाईत चित्राला हवा तितका अंधार दुसऱ्या कोणाच्या घरी नाही.

पुरवणी, त्याच बैठकीत.

सह्यांच्या वेळी अडचण आली. साक्षीदार आनंदराव शेंडे दुर्गच्या कोर्टात चपराशी आहे आणि वकिलांना कायदा आपणच शिकवतो असे मानतो. तो म्हणाला, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते तो साक्षीदार चालत नाही. म्हणजे दुसरा साक्षीदार म्हणून बोलावून बसवलेला जानराव बाद. दुसरा कोणी हाताशी नव्हता. वाद घालता घालता अंधारले, तेव्हा आनंदराव स्विच दाबायला उठला. पंचफुला चहा घेऊन दारात उभी होती.

"थांबा ना भाऊ," ती म्हणाली, "थो लागला नाई अजून."

मी विचारले, काय लागला नाही?

"चित्रातला. तुमी ड्यूटीवर रायता तं रोज मीच असतो इथं. थो लागला का हात जोडाचे, मंग बल्ब लावाचा."

दीक्षेनंतर आम्ही जुने सगळे सोडले, पण दिव्याला हात जोडायची तिची सवय सुटली नव्हती. ती बल्बला हात जोडते असे मी इतकी वर्षे समजत होतो. आधी का सांगितले नाहीस म्हटले, तर म्हणाली, तुम्ही विचारले कधी?

मग आम्ही चौघे चहा हातात धरून बसलो. निळा गेला, काळा गेला, खिडकी राहिली. जानराव तर हातातला चहा निवेपर्यंत बघत होता. मला फार बरे वाटले.

सबब कलम ५ रद्द. चित्र पंचफुलाचे. देवीदासने ट्यूबलाइट खुशाल लावावी, मात्र स्विच त्याच्या आईच्या हाती राहील. जानरावला आता काहीच मिळत नसल्याने तो साक्षीला मोकळा झाला आहे. पक्कड द्यायचेही त्याने कबूल केले आहे, उद्या.

बल्ब अजून कोणाला लावू दिलेला नाही. त्यामुळे या पुरवणीच्या ओळी आणि खालच्या सह्या वाकड्या आल्या आहेत. त्या खऱ्या समजाव्यात.

सही : देवाजी फकिरा गजभिये

साक्षीदार :
१. आनंदराव शेंडे
२. जानराव रामटेके

स्थळ : रिसाली, पुढची खोली
दिनांक : १९ जानेवारी १९६६, दिवेलागण