लाल रेघेचा पेला

३ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दुकानात भिंतीवरच्या घड्याळांची रास पडलीय आणि घरी वेगळंच कौतुक चाललंय. आईचा खिडकीतला फड्या निवडुंग आठवतो ना? लहानपणी चेंडू काढायला तू त्यात हात घातलास आणि आई संध्याकाळपर्यंत चिमट्याने तुझे काटे काढत बसली, तोच. आई गेल्यापासून बाबा त्याला दिवसातून तीन-तीनदा पाणी घालतात. बुडाशी बोट लावलं तर पिकल्या केळ्यासारखं मऊ लागतं. निवडुंगाला पाणी बाधतं, असं मी सांगितलं की हो म्हणतात, आणि माझी पाठ वळली की भांडं घेऊन हजर! विसरत असावेत.

आईची तेवढीच एक जिवंत वस्तू उरलीय घरात, ती डोळ्यांदेखत सडतेय. काहीतरी उपाय कळव. भाच्यांना पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
घड्याळ्या

९ मार्च
चि. घड्याळ्यास, अ. उ. आ.

जगाची घड्याळं चालू करतोस आणि घरातली एक कुंडी तुला आवरत नाही, शाबास! आधी कुंडी उन्हात सरकव. खालचं भोक बुजलं असेल, तारेने मोकळं कर. आणि बाबांना नुसतं नको नको म्हणू नकोस, कामच नेमून दे. स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर काचेचा पेला आहे, त्यावर मी नेलपॉलिशने लाल रेघ ओढलीय. रेघेपर्यंत पाणी, पंधरा दिवसांतून एकदा, थेंबभरही जास्त नाही. दवाखान्यात दिवसभर औषधं मोजून देते, म्हणून सांगते, माप डोळ्यासमोर असलं की माणूस विसरत नाही.

तू वेळेवर जेवत जा. आठवण ठेव आणि लवकर लिही.

तुझी,
ताई

२२ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पेला दिला. बाबांनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि तिथेच खाली बसले. तो कशाचा पेला होता, हे ना तुझ्या लक्षात आलं, ना माझ्या. आईची मूत्रपिंडं थकली, डॉक्टरांनी दिवसाला दोनच पेले पाणी सांगितलं, तेव्हा तू ती रेघ ओढलीस.

बाबा म्हणाले, शेवटच्या दुपारी ती पाणी मागत होती. दोन्ही पेले होऊन गेले होते, म्हणून त्यांनी भांडंच उचलून बाहेर नेऊन ठेवलं. आता मागणारं कोणी नाही, तर यालाच देतो, असं म्हणून उठले आणि पेला काठोकाठ भरून आणला. ते काहीच विसरलेले नाहीत गं. मी कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

परवा निवडुंग बुडातून मोडला. वरचं एक पान तेवढं टणक होतं. ते कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून इकडे आलेल्या तुझ्या गल्लीतल्या शिंप्याबरोबर पाठवतोय. तू तरी जगव. बाबा आता रिकाम्या कुंडीत पाणी घालतात आणि खालून आलेलं मी फडक्याने टिपतो. मला दुसरं काही सुचत नाही. तुझी माया राहू दे, एवढंच.

तुझा,
घड्याळ्या

७ एप्रिल
चि. घड्याळ्यास, अ. उ. आ.

पान पोचलं. कागद सोडताना बारीक काटे बोटांत गेले, अजून खुपतात. आठवडाभर पान सुकवलं, मग कोरड्या वाळूत उभं केलं. मुळं फुटेपर्यंत पाणी द्यायचं नाही, हे मला पाठ आहे.

बाबांनी तुला एक गोष्ट सांगितली नाही, सांगणारही नाहीत. आई कितीही मागो, रेघेच्या वर थेंब द्यायचा नाही, असं त्यांना मीच बजावलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेच मी सांगितलं, हे रोज स्वतःला समजावते. उपयोग होत नाही. बाबांना अडवू नकोस रे. तू आपली फरशी पुसत राहा.

आज सकाळी पान थोडं सुरकुतलेलं दिसलं. मुळं धरण्याआधी ते सुरकुततंच, काळजीचं काही नसतं. तरी पाणी घातलं. मोजलं नाही.

माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
ताई