दगडाचा कापूस

शकू,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं आणि मी न जेवता उठून आले. तुझ्या घरच्या अन्नावर माझा राग नव्हता गं. पंगतीत मालक बसला होता, म्हणून उठले. आपल्या दोरीच्या शेडचा मालक! इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला गंध. तुझ्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि पहिल्या पंगतीला बसून खीर ओरपायला लागला. तुझा नवरा वाकून वाकून त्याला वाढत होता. मी भरलं ताट सारलं.

घरी कुणाशी बोलू? पोरं म्हणतात, आई, वर्ष झालं, आता सोड. काय सोडू? तू हे पत्र वाचणार नाहीस, मला कळतं. तरी तुलाच लिहून राह्यले. हा राग तुझ्याशिवाय बराबर कुणाला समजणार?

तू धावड्याची, मी परतूरची. दोघी लग्न होऊन जालन्यात एकाच गल्लीत आलो आणि एकाच महिन्यात त्या शेडवर कामाला लागलो. कापसाच्या मुलखातल्या बाया आपण, त्यामुळं मालकानं पोतं फोडून तो माल दाखवला तेव्हा भीती कशी ती वाटलीच नाही. मऊ, पांढरा, तंतू तंतू. "कापूसच समजा," तो म्हणाला, "फक्त जळत न्हाई. पोलादाच्या भट्टीच्या दाराला याची दोरी लागते." तू मूठभर माल चिमटून बघितलास आणि विचारलंस, "मालक, याची सरकी कुठं गेली?" सगळ्या बाया खदाखदा हसल्या.

किती हसायचो आपण तिथं! पोतं झटकलं की शेडभर धूळ उडायची. भुवया पांढऱ्या, केस पांढरे. तू मला म्हणायचीस, "निर्मला, बघ, म्हातारपणी तू अशी दिसशील." तुझं म्हातारपण कुठं गेलं गं?

उरलेल्या दोरीचे तुकडे तू घरी नेलेस. गरम पातेलं उतरवायला त्याच्या चुंबळी केल्यास, मलाही एक दिलीस. तुझी वैशाली रांगती होती, ती त्या चुंबळीशी खेळायची. हे आठवलं की वाटतं, तिच्या हातातून ती हिसकावून घ्यावी. आणि मालक? तो काचेच्या केबिनमध्ये दार लावून बसायचा. पगारालासुद्धा आपल्याला बाहेरच उभं करायचा. तेव्हा वाटायचं, मोठा माणूस आहे, बायकांत मिसळत नाही.

पाचेक वर्षं काम केलं आपण. मंग तुझं दुसरं बाळंतपण आलं, मी शिलाई मशीन घेतली आणि शेड सुटली. मधे सगळा जन्म गेला. पोरांची लग्नं झाली. शेड आपण विसरूनही गेलो.

आणि मंग तुझ्या कुशीत दुखायला लागलं. जिना चढताना दम लागायचा. छातीचा एक्स-रे फोटो काढला, त्यात पाणी दिसलं. पाणी काढलं, पुन्हा भरलं. डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या चालू केल्या आणि तुझ्या सासूनं तुझं ताट-तांब्या वेगळा केला! नातवाला तुझ्या मांडीवरून उचलून नेलं. गल्लीत कुजबुज, मिसरी लावते म्हणून झालं. मिसरी! तू कधी दाताला मिसरी लावली नाहीस, आणि लावली असतीस तरी काय झालं असतं? गोळ्या संपत आल्या तरी गुण नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पेशंट गोळ्या बुडवते. म्हणजे तिथंही चूक तुझीच!

संभाजीनगरच्या दवाखान्यातली ती तरुण डॉक्टरीण तुला आठवते का? छातीतला तुकडा काढून तपासला होता, त्याचा निकाल सांगायला तिनं आपल्याला समोर बसवलं. आधी तिनं विचारलं, "काय काम करता?" तू म्हणालीस, "काही न्हाई, घरीच असते." का गं असं म्हणालीस? उभा जन्म काम करून बाई म्हणते, काही नाही!

"आत्ताचं नाही विचारत," ती म्हणाली. "लहानपणापासून कधी कुठं धुळीत काम केलंय? पत्र्याच्या कारखान्यात, गिरणीत?"

मी म्हणाले, "दोरी वळायचो आम्ही. न जळणाऱ्या कापसाची."

तिनं लिहिणं थांबवलं. खुर्ची पुढं ओढली आणि सावकाश सांगितलं. तो कापूस नव्हता. तो दगड होता, अॅस्बेस्टॉस. खाणीतून निघतो, त्याचे केसापेक्षा बारीक तंतू होतात. श्वासातून आत गेले की बाहेर पडत नाहीत. फुफ्फुसाच्या भोवती एक पातळ आवरण असतं, तिथपर्यंत जाऊन रुततात आणि तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांनी तिथं कॅन्सर उठतो. मेसोथेलिओमा. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मिसरीनं होत नाही. सुरुवातीला टीबीसारखाच वाटतो, कारण तसंच पाणी होतं आणि तसाच दम लागतो.

तुला ते नाव म्हणता येईना. दोनदा अडखळलीस आणि म्हणालीस, "मॅडम, दोरी वळणाऱ्या बाईला होणारा रोग, त्याला एवढं अवघड नाव कशाला ठेवलं? आम्ही कुणाला सांगावं कसं?"

डॉक्टरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तू मात्र रडली नाहीस. "बरं होईल का?" एवढंच विचारलंस. ती खोटं बोलली नाही. औषधानं थोडा काळ मिळेल, त्रास कमी करता येईल, म्हणाली.

खाली आलो तेव्हा मला वाटलं, तुला घरी जायचं असेल. तू म्हणालीस, "उद्या शेडवर जाऊ." तुझ्या नवऱ्यानं नको म्हणून सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ मालकाच्याच दुसऱ्या धंद्यात, पोलादाच्या मिलमध्ये कामाला. त्यांची अडचण मला कळत होती, पण तू त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून गेलो. शेडची केबिन आता मोठी झाली होती, गार हवेची. मालकानं ओळखलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. तू बसली नाहीस. टेबलाला धरून उभी राह्यलीस, एकेका शब्दाला थांबत विचारलंस:

"मालक, तुम्हाला ठावं होतं का?"

"मला कुठं ठावं, बाई? माल बाहेरच्या देशातून यायचा. सगळं कायद्यात बसतं. आजबी चालतं. बिलकुल परवानगी आहे."

"ठावं नव्हतं म्हणता, मंग आता झालं ना? आता काय करता?"

शकू, मी तुझा तो प्रश्न रोज ऐकते. वकिलाला सुचला नसता असा प्रश्न! मालकानं फोन उचलला, खाली ठेवला, काचेतून बाहेर बघितलं. "बघू," म्हणाला. बघू! बाहेर पोरी दोरी वळत होत्या. तोंडाला ओढण्या गुंडाळल्या होत्या, भुवया पांढऱ्या होत्या.

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. आडवं होता येईना, म्हणून बसून झोपायचीस, उशीवर डोकं ठेवून. सासूला आम्ही सगळं समजावलं तेव्हा तिनं तुझं ताट पुन्हा आत घेतलं, पण तोवर तुझी भूकच गेल्ती. सकाळी, चहा उकळत होता तेव्हा, वैशालीच्या खांद्यावर तू गेलीस. लोक म्हणाले, नशीब. मी ओरडले, नशीब कसलं? नशिबानं पोतं फोडलं होतं का? मला बायकांनी धरून बाहेर नेलं.

तर आज तो पंगतीत होता. मी त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "मालक, शकूनं तुम्हाला काही विचारलं होतं. उत्तर आणलंय का?"

तुझा नवरा मधे पडला. "निर्मलाताई, आजच्या दिवशी नको."

"मंग कोणत्या दिवशी, भाऊजी?"

मालक खाली बघून खात राह्यला. मी चप्पल घातली आणि तडक शेडवर गेले. सुट्टी व्हायची वेळ होती. फाटकासमोर उभी राह्यले. पोरी बाहेर आल्या, आपण यायचो तशाच, ओढण्या झटकत. म्हणाले, "अगं, झटकू नका! थांबा, ऐका." तुझं नाव सांगितलं, तुझा रोग सांगितला. अवघड नाव एकदाही अडखळले नाही, शकू. वर्षभर म्हणून म्हणून पाठ केलंय मी.

दोघी-तिघी हसल्या, निघून गेल्या. वॉचमननं हटकलं. एक पोर थांबली, कडेवर लेकरू होतं. म्हणाली, "खरं असंल मावशी. पण मंग काय करू? शेतात रोजगार न्हाई, मिलवाले बाईला घेत न्हाईत. तुम्ही दुसरं काम देता का?"

मालकावर रागावणं सोपं होतं गं, त्या पोरीला द्यायला माझ्याकडं काम नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, हे कपडे लेकराला घ्यायच्या आधी बदल, घरी नेऊन झटकू नको, ओले करून धू. आणि माझा पत्ता दिला. शिलाई शिकवते म्हणाले. मान हलवली तिनं. येईल का, माहीत नाही.

आता ऐक. ही सही करायच्या आधी सांगते. सोमवारी मी माझ्या छातीचा फोटो काढायला जाणार आहे. भ्याले होते, म्हणून वर्षभर गेले नाही. आपल्या सोबतच्या ज्या बाया जित्या आहेत त्यांना गाठून बरोबर नेणार, तुझ्या वैशालीलाही. डॉक्टरणीला सांगणार, 'घरीच असते' असं लिहू नका, आम्ही दोरी वळलेली आहे, ते लिहा. माझ्या फोटोत काय निघायचं ते निघो. दर शनिवारी पगाराच्या वेळी मी त्या फाटकावर उभी राहणार, आणि दम लागला तर खाली बसून सांगणार.

तुझी,
निर्मला