माझ्या गाडीतली वाळू

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, तोही जपून वापर.

मी इथे बदलीच्या गावी खुशाल आहे; कचेरीतल्या एकाचेही काम मात्र मला पसंत नाही.

तुझे दोन्ही फोटो मिळाले. मागची चाके घसरतात म्हणून माझ्या स्पोर्ट्स कारच्या डिकीत वाळूची पोती! अरे, त्या स्वस्त गाडीत हलकेपणाखेरीज आहे काय? इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो, तेव्हा वळणावर ॲक्सिलरेटर हळुवार दाबावा, हे तुला तीनदा शिकवले होते. "कळलं गं ताई, डोकं नको खाऊस!" हे तुझे उत्तर.

किल्ली मावशीकडे दे, असेच लिहिणार होते. मग दुसऱ्या फोटोत गाडीत तुझ्या शेजारी बसून खळखळून हसणारे बाबा दिसले. इतक्या खालच्या सीटवरून उठताना त्यांचे गुडघे दुखतात का?

वाळू आजच काढ. जास्तीचे वजन म्हणून त्या गाडीत फक्त बाबा चालतील.

अद्याप रागावलेली,
ताई