डचेससाठी कूलर बंद

३ मे
सदर बाजारातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानातून फ्रेंच डचेस घरी आणली. तैलचित्र, चार फूट. पांढरा विग, निळा रेशमी झगा, हनुवटीवर काळी टिकली. फ्रेंच दरबारात बायका मुद्दाम चिकटवत. नेटवर आहे. आता फक्त बाईंचं नाव शोधायचं. आठ दिवस पुरे. मयुरा म्हणाली, चेहरा ओळखीचा वाटून राहिला. बायको कामठीच्या पुढे गेलेली नाही! दुर्लक्ष केलं.

५ मे. ४५ डिग्री.
दमट हवेनं जुना रंग उतरतो. सबब ओळख पटेपर्यंत कूलर बंद. मयुरानं ऐकलं, बॅग भरली.

६ मे
मयुरा भावाकडे, कामठीला. अभ्यासाला शांतता मिळाली, बरंच झालं. मागच्या गल्लीतल्या यमुताईंचा डबा लावला. म्हातारी दारात उभी राहून फार बोलते. मी पुस्तकातून मान वर करत नाही.

११ मे
ज्येष्ठ नागरिक मंडळात बोलून गेलो, नाव सापडलं म्हणून. अध्यक्ष मारोतरावांनी लगेच व्याख्यान ठेवलं, १८ तारखेला. कार्डंही छापली: ‘ही डचेस कोण?’ नाव सापडलेलं नाही. सापडेल.

१४ मे
चार डचेसांवर संशय. एकीचं नाक जुळतं. पाठभर घामोळ्या. मारोतरावांना तब्येतीचं कारण सांगितलं. म्हणाले, मग तुमच्या घरीच ठेवू, चित्रही पाहता येईल. आता सुटका नाही.

१७ मे
दुपारी भोवळ आली. यमुताई पाणी घेऊन आत धावल्या आणि चित्रासमोर थबकल्या. म्हणाल्या, हे तं मीच आहो. तरुणपणी चित्रकलेच्या शाळेत झाडूपोछा करत. मास्तरांनी नाटकातला झगा घालून पाच दिवस बसवलं, हलू दिलं नाही. चित्र मात्र कोणी दाखवलं नाही. मी म्हटलं, उन्हाचा परिणाम. मग पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हनुवटीवर तीळ. तिथेच.
उद्या येऊ नका, अशी विनंती केली. काहून, म्हणाल्या.

१८ मे
बावीस माणसं. मयुराही आली. यमुताई इस्त्रीचं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीवर. मी चाळीस मिनिटं फ्रान्सवर बोललो. लोक एकदा चित्राकडे बघत, एकदा यमुताईंकडे. शेवटी मारोतराव म्हणाले, नाव सांगून टाका बा आता. मी यमुताईंकडे बोट केलं. ते म्हणाले, पूर्ण नाव?
बारा दिवस त्यांच्या हातचं जेवलो. मला माहीत नव्हतं. फार लाज वाटली. त्या स्वतःच उभ्या राहिल्या: यमुना आनंदराव मेश्राम. टाळ्या थांबेनात.
तरी नोंद असावी, की ओळख माझ्याच व्याख्यानात पटली. चित्र यमुताई घेऊन गेल्या. कूलर लावला. पंप जाम.