चौदा ठिकाणं, एकही तिकीट नाही

७ मार्च, शनिवार
आज पहाटे साडेपाचला उठलो आणि सिद्धेश्वर तळ्याला पूर्ण चक्कर मारायला निघालो. नवी पेठेपर्यंत पोचलो. चहा घेतला. पांढरे बूट घातलेली काही मंडळी तळ्याकडंच चालली होती, हात हलवत. अशांच्या मागून चालण्यात भक्ती राहत नाही. परतलो. तळं कुठं पळून जात नाही. उद्यापासून रोज.

सातला नळाला पाणी आलं. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं, तासभर, आणि मोटर लावल्याशिवाय टाकीत चढत नाही. शेजारचा बिरुदेव मोटर मागायला आला. त्याची जळली आहे. मागच्या वेळीही मागितली होती. फुकट मिळालं की माणसाची सवय बिघडते. जिन्याखालच्या मोटरच्या पेटीला आजच भारी कुलूप घातलं. किल्ली एकच. माझ्या खिशात.

८ मार्च, रविवार
पहाटे गेलो नाही. रविवारी तिथं फोटो काढणाऱ्यांची गर्दी.

कोल्हापूरहून व्याह्यांचा फोन. आमच्या लेकीला, उत्कर्षाला, सातवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काय आहे? पण शिवयोगीअण्णा म्हणाले, "पाव्हणं, उन्हाळ्याचं पोरीला सोलापूरला धाडायचं म्हंजे जरा इचार करतोय. ऊन, धूळ, त्यात पाण्याचं तुमच्याकडं कायबाय ऐकतोय. आमच्या हितं कसं, सांजचं रंकाळ्यावर गार वारं."

रंकाळा! काठावर उभं राहून भेळ खाल्ली की तळं बघून झालं, असं या लोकांना वाटतं. आमच्या तळ्यात मधोमध देव बसला आहे. मी म्हणालो, आधी येऊन बघा, मग बोला.

फोन ठेवल्यावर बायको, निंगव्वा, माळ्यावरच्या पाळण्याकडं बघत उभी राहिली. पाळणा मी या आठवड्यात काढणार.

९ मार्च, सोमवार
चिंचोळीला कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून प्लॅन केला. व्याही-विहीणबाईंना २१ ला संध्याकाळी बोलावलं, दौरा २२ ला. २२ का? कारण २२ हा पाण्याचा दिवस. नळ वाहता दिसेल, टाकी भरलेली दिसेल. त्यांना वाटेल रोजच येतं. मी खोटं बोलणार नाही. नळ काय ते बोलेल.

निंगव्वा म्हणाली, "अहो, पाण्याच्या दिवशी घरातल्या बाईला श्वास घ्यायला सवड नसती, आन् तुमी त्याच दिवशी पाव्हणं बोलावताय व्हय?"

हिला स्ट्रॅटेजी कळत नाही.

१२ मार्च, गुरुवार
पाणी आलं. मोटर लावली. बिरुदेव आला नाही. त्याची आई केराबाई नळाखाली घागर लावून बसली होती. धार दोरीएवढी. तासात चार घागरी. कुलपाचा गुण.

१५ मार्च, रविवार
लिस्ट तयार. सोलापुरात फुकट बघण्याची ठिकाणं. लोक पैसे मोजून लांब लांब जातात आणि तिथं जाऊन चहाला नावं ठेवतात. माझ्याकडं चौदा ठिकाणं. तळ्याला पूर्ण चक्कर. देवदर्शन. किल्ल्याचा तट, बाहेरून (तट बाहेरूनच बघायचा असतो). हुतात्म्यांचे पुतळे. महापालिकेची जुनी इमारत, रस्त्यावरून. कंबर तलाव, दुरून. नवी पेठेत सोनाराच्या दुकानाच्या काचा. वगैरे. चौदावं सुचेल.

निंगव्वा म्हणाली, "ह्यातलं तुमी शेवटचं कवा बघितलं?" माझा जन्म वळसंगचा असला तरी तीस वर्षं या शहरात काढली आहेत. बघायची काय गरज?

१७ मार्च, मंगळवार
पाणी. मोटर. कुलूप. बिरुदेवनं जळालेली मोटर दुरुस्त करून आणली म्हणे. बघा, फुकट बंद झालं की माणूस सुधारतो. उद्या तळ्यावर रंगीत तालीम.

१८ मार्च, बुधवार
डोळा लागला.

२१ मार्च, शनिवार
आले. विहीणबाईंनी हात धुवायला नळ सोडला. धार आली. व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. हे पाणी टाकीच्या तळाचं, निंगव्वानं दोन दिवस जपून ठेवलेलं. रात्रीपर्यंत संपलं. हरकत नाही. उद्या सातला येतंच. आम्ही पाचला निघून साडेसहाला घरी.

२२ मार्च, रविवार
सव्वापाचला व्याह्यांना घेऊन निघालो. फोन दोघांचेही घरी ठेवले. देवाला जाताना फोन नेणारी माणसं मला माणसं वाटत नाहीत.

तळ्याला चक्कर उजवीकडून मारावी म्हणून वळलो. पुढं भिंत. मागं आलो, दुसरी वाट धरली. तीही बंद. एक वॉचमन म्हणाला, "नवीन दिसताय सोलापुरात. गेट तिकडं हाय की, काका." व्याही गालात हसले. कोल्हापूरचा माणूस हसणारच.

दर्शन झालं. डोळे मिटून उभा राहिलो. फार दिवसांनी आलो होतो, पण देवानं तसं काही दाखवलं नाही. पोरीचं नीट होऊ दे, एवढंच म्हणालो.

मग पायरीवर बसलो. मी तळ्याची माहिती देत होतो. व्याही पाण्याकडं बघत म्हणाले, "खरंच देखणं हाय, पाव्हणं. एवढं पाणी गावात, मग नळाला रोज येत असंल की?"

मी म्हणालो, "येतं की."

देवाच्या पायरीवर बसून म्हणालो. लिहून ठेवतो.

तेवढ्यात रुमालासाठी खिशात हात घातला. रुमालाखाली मोटरच्या पेटीची किल्ली.

देवळातल्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं.

रिक्षा केली. बारा ठिकाणं राहिली.

घरी पोचलो तर विहीणबाई पदर खोचून हंडा धरून उभ्या. केराबाई मोटरच्या पेटीपुढं बसून कुलपावर दगड घालत होती. कुलूप तुटलं नव्हतं. चांगलं कुलूप आहे, हे मी आधीपासून म्हणत होतो. केराबाई मला बघून म्हणाली, "दादा, लई भारी कुलूप घेतलंत. चोर आला तर पाया पडून जाईल."

निंगव्वानं माझ्याकडं पाठ करून नळाखालची घागर बदलली.

बिरुदेवनं स्वतःच्या मोटरची पाइप भिंतीवरून आमच्या टाकीत सोडली होती. आमची टाकी आधी, त्याची नंतर. त्याची अर्धी होईपर्यंत पाणी गेलं.

विहीणबाईंनी त्याला विचारलं, "अरे, उद्या भरंल की राहिलेली?" तो म्हणाला, "उद्या कुटलं मावशी? आता पाच दिसांनी."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. पंखा त्या वेळी बंद होता.

दुपारी निघताना विहीणबाई निंगव्वाचा हात धरून म्हणाल्या, "पोरगी येऊ दे हितंच. हाक मारली तर भिंतीपलीकडनं माणूस येतंय. आमच्या बंगल्यात ते न्हाय." व्याही मला म्हणाले, "तळं झकास हाय, पाव्हणं. पण पाण्याच्या दिवशी तुमी आपलं घरातच थांबत जावा."

एकूण दौरा यशस्वी. तळ्यानं काम केलं.

२५ मार्च, बुधवार
केराबाईनं आज अंगण शिंपडलं नाही. टाकी संपली असणार. मागायला आली नाही. मीही विचारलं नाही. किल्ली खिशात टोचते. खिसा बदलला. उद्या काय ते ठरवणार.

२६ मार्च, गुरुवार
निंगव्वानं न विचारता दोन हंडे भिंतीपलीकडं दिले. मी पेपर वाचत होतो. पाळणा अजून माळ्यावर. बिरुदेवला वर चढता येईल. तो उंच आहे.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी सहा
तळ्याला पूर्ण चक्कर मारायला उठलो होतो. पाण्याचा दिवस आहे म्हणून गेलो नाही. किल्ली घेऊन बिरुदेवच्या दारात गेलो. म्हणालो, दुसरी करून घे. उत्कर्षा आली की मी चिंचोळीला असताना कुणाजवळ तरी असावी.

तो दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, "किल्ली सांभाळायचं काम मला कशाला, काका? कुलूपच काढा की."

मी सांगणार होतो की कुलूप लावायला कारणं होती. त्यानं विचारलं नाही.

घरी आलो. जिन्याखाली वाकलो. काढलं.