किनाऱ्यावरचा अनोळखी माग

प्रिय विन,

परवा दोरीवर पोहण्याचा पोशाख वाळत घालताना एकदम आठवलं. कॉन्व्हेंटच्या मागच्या धुण्याच्या खोलीत शनिवारी दुपारी आपण दोघी मोजे धुवायचो. तू साबण लावायचीस, मी पिळायचे, आणि सिस्टर पर्पेचुआ दारातून म्हणायच्या, मुलींनो, मोजे पिळा, एकमेकींचे कान नकोत. त्या दुपारी विशेष काहीच घडायचं नाही. तरी माझे डोळे भरून आले. (शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांना मी वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली असं सांगितलं.)

तुझे गुडघे कसे आहेत? नव्या डॉक्टरांच्या गोळ्या खरंच घेतेस, की माझ्यासारखी उशीखाली जमवतेस? मी सुखरूप आहे, नाकाचं सालटं तेवढं निघालं. आणि हो, ज्येष्ठांच्या वसाहतीच्या कागदांवर शुक्रवारपर्यंत माझी सही हवी, नाहीतर तू घेणार आहेस त्याच्या शेजारचं घर दुसऱ्या कुणाला जाईल, हे मी विसरलेले नाही. कागद समोरच आहेत, त्यांवर चहाचा फक्त एक डाग पडला आहे. त्याकडे वळतेच, पण आधी हे ऐक.

ही सहल तुझीच भेट. दहा दिवस मासे बघ, मन निववून ये आणि मग निमूटपणे माझ्या शेजारी राहायला ये, असं तू वाढदिवसाच्या कार्डावर लिहिलं होतंस. पहिल्याच दिवशी एका इमूने माझी काकडीची सँडविचेस खाल्ली आणि वर माझ्याकडे असं पाहिलं की मीच माफी मागितली. पण खरा घोटाळा तिसऱ्या दिवशी झाला. इथल्या खाडीत दक्षिणेच्या टोकाला पाण्यात शिरायचं, प्रवाह तुम्हाला प्रवाळांवरून अलगद नेतो, आणि वाळूचा दांडा येण्याआधी बाहेर पडायचं, एवढंच शास्त्र. मी मात्र एका पोपटमाशाच्या मागे गेले. तो प्रवाळ कुरतडत होता आणि पाण्याखाली तो आवाज लख्ख ऐकू येतो, विन! आपले बाबा टोस्ट खायचे, अगदी तसा. मी ऐकतच राहिले आणि दांडा मागे पडला.

पुढच्या निर्मनुष्य किनाऱ्याला लागले तेव्हा दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. पोहायला पायांत चढवलेले फ्लिपर निघेनात. मग कोपरांवर, एकदा उजवं, एकदा डावं, अशी सरपटत वर गेले. कमरेला बांधलेली जाळीची पिशवी मागून फरफटत होती. झुडपाखाली गार वाळू लागेपर्यंत खड्डा उकरला, त्यात तासभर पडून माळ जपली आणि तशीच सरपटत परत पाण्यात गेले. काठाकाठाने, कंबरभर पाण्यातून, ताठ मानेने परतले. कुणी पाहिलं नाही याबद्दल देवाचे आभार मानले. जरा घाईच केली.

कारण इथे डेल्मा नावाची बाई आणि तिचा नवरा मर्व रोज सकाळी किनाऱ्यावरचे कासवांचे माग मोजतात. पंधरा वर्षं मोजताहेत. मोजलेल्या मागावर टाचेने आडवी रेघ ओढायची, म्हणजे तो पुन्हा मोजला जात नाही. दुसऱ्या दिवशी मीही हौसेने त्यांच्याबरोबर गेले, आणि त्या निर्मनुष्य किनाऱ्यावर दोघं एकदम थबकली.

"हात आळीपाळीने टाकलेत," डेल्मा गुडघ्यांवर बसत म्हणाली. "पण ही शेपूट बघ, मर्व! एवढी रुंद शेपूट कधी पाहिलीस?"

"लग्न झाल्यापासून मी इकडेतिकडे बघणं सोडलंय, बाई."

"खड्डा खणलाय, पण अंडी नाहीत. जागा पसंत पडली नाही."

"म्हातारी असणार," मर्व म्हणाला. "फार चोखंदळ असतात."

मग त्याने टेप लावून माझी रुंदी मोजली, विन, आणि मोठ्याने वाचून दाखवली. तेही मी सोसलं. पण डेल्मा शहरातल्या शास्त्रज्ञांना फोन करायला निघाली तेव्हा नन्सनी घडवलेला आत्मा जागा झाला, आणि मी म्हणाले, "ती शेपूट म्हणजे माझी पिशवी आहे." डेल्मा वाळूत बसली आणि टोपी पडेपर्यंत हसली. नोंद मात्र खोडली नाही, कारण वहीत खाडाखोड करायची नाही असा तिचाच नियम. शेजारी फक्त लिहिलं, "कासव नव्हे. मोना."

ती वही मी पाहिली. मर्वचं अक्षर म्हणजे खेकड्याची शर्यत. दुपारी बसून मी चार पानं स्वच्छ उतरवून दिली. डेल्मा कितीतरी वेळ ती पानं बघत राहिली. मग म्हणाली, "पंधरा वर्षांच्या वह्या अशाच पडल्यात गं. तू कुठे होतीस इतके दिवस?" माझा हॅरोल्ड गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं.

इथे थांबते. वारा पानं उडवतो आहे. जप स्वतःला.

तुझी,
मोना

ता. क. कागद सोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. तुझ्या घराच्या कागदांवर मात्र तू सही कर, माझ्यापायी ते सोडू नकोस. इथे मला वह्यांचं काम आणि राहायला खोली मिळाली आहे. हे तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आधी कासवं लिहिली. रागाव, पण पत्राने रागाव.

ता. क. २. माझ्या सामानाचं असं कर. शिवणयंत्र चर्चच्या बायकांना. आईची किटली तुला (ती नेहमी तुझीच होती, मी फक्त कबूल करत नव्हते). हॅरोल्डचे स्वेटर इकडे धाड, मर्वला होतील. शेजारचं घर मिसेस हॅनिगनला मिळू दे. ती घोरते, पण पत्त्यांत तुझ्याकडून हरेल. उरले मी. मला कुणाला देऊन टाकू नकोस. थंडीचे तीन महिने येते, पाहुण्यांची खाट तेवढी माझ्या नावावर ठेव.